मलिद्याचं ताट आणि तेलाचे पेले

संध्याकाळची वेळ घ्या. सफाळ्यातल्या एखाद्या घराचा ओटा, बाजूच्या वाडीत माड, डहाणूकडे जाणारी लोकल नुकतीच गेलेली. पुढचा अर्धा तास कुठे जायचं नाही. समोर एक रिकामं ताट ठेवा. पितळेचं असेल तर बरं, स्टीलचं असलं तरी चालेल.

ताटाकडे बघा. त्याची कड, मधली सपाटी, कुठे पोचा आला असेल तर तो. अजून ते कुठल्याच धर्माचं नाही.

आता त्यात भिजवलेले पोहे घाला. भरपूर. त्यावर खोवलेला नारळ, साखर, वेलचीची पूड, थोडे काजू-बेदाणे. कडेने फळं मांडा: केळी, सफरचंद, खजूर, हंगामात जे मिळेल ते. शेवटी सब्ज्याची एक हिरवी डहाळी, वासासाठी. कोकणातल्या कुठल्याही घरात या वस्तू सापडतील. तुमच्या ताटात आत्ता जे आहे ते बेने इस्रायलांच्या मलिद्याचं ताट आहे. बेने इस्रायल म्हणजे कोकणात शेकडो वर्षं मराठी बोलत राहिलेले ज्यू.

इथे जरा थांबा. हे ताट ज्यू आहे हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही. त्यावर षट्कोनी तारा नाही, हिब्रू अक्षर नाही, चांदी नाही. ज्यू धार्मिक कलावस्तूंच्या एखाद्या जाडजूड ग्रंथात याचं छायाचित्र छापलं, तर वाचणारा पान उलटून पुढे जाईल. पण ताटाभोवती माणसं बसतात, संदेष्टा एलियाहू हन्नाबीचं गीत म्हटलं जातं, मग एकेक फळ उचलून त्याचा आशीर्वाद हिब्रूत उच्चारला जातो. झाडावर आलेल्या फळाचा वेगळा, जमिनीतून आलेल्या फळाचा वेगळा, सुगंधाचा वेगळा. केळं हातात घेताना ते कोणत्या गटात बसतं हे आठवावं लागतं, कारण केळीचं खोड वर्षानुवर्षं टिकणारं लाकूड नव्हे, म्हणून ज्यू धर्मशास्त्र त्याला जमिनीचं फळ मानतं. हे ज्याला आठवावं लागतं, त्याचं लक्ष त्या केळ्यावर खरोखर जातं. नवस फेडताना, लग्नाच्या आधी, नव्या घरात शिरताना, प्रवासातून कुणी सुखरूप परतल्यावर हे ताट मांडतात.

एक फळ मनातल्या मनात उचला. ते कुठून आलं, झाडावरून की मातीतून, एवढंच स्वतःला विचारा. उत्तर मिळालं की परत ठेवा.

या लोकांची परंपरा सांगते की त्यांच्या पूर्वजांचं जहाज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याशी फुटलं आणि सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या. ग्रंथ समुद्रात गेले. उरलं ते अंगात मुरलेलं होतं: शब्बाथ पाळायचा, मुलाची सुंता आठव्या दिवशी करायची, विशिष्ट अन्न वर्ज्य मानायचं, आणि शमा ही एक प्रार्थना. ते कोकणातल्या गावांत पांगले, तेलाचे घाणे चालवू लागले, गावांवरून आडनावं घेतली. दिवेकर, केहिमकर, पेणकर, नवगावकर. शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून गावकरी त्यांना शनिवार तेली म्हणत. पंचांग हातात नसताना सण त्यांनी अन्नावर टिकवले. वर्षारंभाचा तो नव्याचा सण. जेरुसलेमचं मंदिर उद्ध्वस्त झाल्याचा उपास म्हणजे बिरड्याचा रोजा, कारण त्या वेळी मोड आलेले वाल खायचे. दोन हजार वर्षांपूर्वी दूरच्या एका डोंगरावर जळालेलं मंदिर आणि आपल्या वाटीतलं वालाचं बिरडं. मला यात धार्मिक कलेचा एक फार शुद्ध प्रकार दिसतो. वस्तू हाताशी नव्हती म्हणून त्यांनी जेवणालाच वस्तू केलं.

ताट बाजूला ठेवा. आता तेलाकडे या.

काचेचा छोटा पेला डोळ्यांसमोर आणा. तळाशी पाणी, त्यावर बोटभर खोबरेल तेल, त्यात वात. पाणी खाली आणि तेल वर, दोन्ही पारदर्शक, मध्ये एक सरळ रेघ. कोकणातल्या ज्यू घरांत असे दिवे असत, आणि सिनेगॉगच्या, म्हणजे ज्यू प्रार्थनागृहाच्या, छतालाही टांगलेले असत. ज्योत लावल्यावर पेल्यातलं पाणीही उजळतं.

असे नऊ पेले मनात लावा. आठ सणाचे आणि एक सेवक. हनुक्काच्या आठ रात्री पहिल्या दिवशी एक, दुसऱ्या दिवशी दोन, असं करत शेवटच्या रात्री आठ दिवे लावायचे. नववा दिवा वेगळा, त्याच्यानं बाकीचे पेटवायचे. कथा अशी की परकीय राजाच्या ताब्यातून मंदिर परत मिळवल्यावर एकाच दिवसाचं शुद्ध तेल सापडलं आणि ते आठ दिवस पुरलं.

इथे एक गोष्ट माझ्या मनात नेहमी घर करून राहते. पिढ्यान्‌पिढ्या तेल गाळणाऱ्या या समाजाला तेलाचा हा सण ठाऊकच नव्हता. बेने इस्रायलांचा इतिहास लिहिणारे हैम सॅम्युएल केहिमकर यांनी यावरून तर्क केला होता की पूर्वज ती घटना घडण्याआधीच मायदेश सोडून निघाले असावेत. त्यांचा इतिहास 1897मध्ये लिहून झाला आणि 1937मध्ये तेल अवीवला छापला गेला. इतर ज्यूंशी पुन्हा गाठ पडल्यावर हनुक्का कोकणात आणि मुंबईत आला, आणि आला तेव्हा त्याला लगेच इथलं अंग मिळालं. मुंबईच्या ज्यू घरांत ताऱ्याच्या आकाराची पितळी किंवा लाकडी पाटी भिंतीला लावायची पद्धत होती. तिला कड्या, कड्यांत काचेचे पेले, पेल्यांत खोबरेल. युरोपातल्या दिव्यांवर सिंह, मुकुट, झाडांच्या फांद्या असत. इथे पत्र्याचा तारा, आणि बाकी काम काच आणि तेल करत होते. आजच्या एखाद्या आधुनिक आरेखकाने सगळं अनावश्यक काढून टाकून जे उरवलं असतं, जवळपास तेच.

पण कशाला अनावश्यक म्हणायचं, हे इथे कुणा एकाच्या आवडीवर सोडलेलं नाही. ज्यू परंपरेत दिव्याविषयी काही गोष्टी ठरलेल्या आहेत. ज्योती एकमेकींत मिसळून मशालीसारख्या दिसता कामा नयेत. प्रत्येक वेगळी मोजता आली पाहिजे. जेरुसलेमच्या मंदिरात सात शाखांचा दिवा होता, त्याची हुबेहूब नक्कल करायची नाही. आणि त्या आठ ज्योतींचा कामासाठी उपयोग करायचा नाही. त्यांच्या उजेडात वाचायचं नाही, शिवायचं नाही, पैसे मोजायचे नाहीत. नुसतं बघायचं. उजेड हवाच असेल तर तो नवव्या, सेवक दिव्याचा.

तसं बघून पाहा. नऊ ज्योतींपैकी आठ कसल्याच उपयोगाच्या नाहीत. डोळ्यांची सवय अशी की उजेड दिसला की त्यात काहीतरी शोधायचं. ती सवय थोडा वेळ सोडा. पहिल्या पेल्यापासून मोजत आठव्यापर्यंत या आणि परत पहिल्याकडे जा.

दिव्याचा आकार, धातू, उंची, नक्षी यांबद्दल मात्र परंपरा जवळजवळ गप्प आहे. आणि हीच जागा कारागिराची. तालमुद या ज्यू धर्मचर्चेच्या ग्रंथात एक विचार आहे की आज्ञा पाळायची तर ती सुंदर करून पाळावी. सणाचा मंडप सुंदर असावा, तोराची, म्हणजे मूळ धर्मग्रंथाची, गुंडाळी चांगल्या शाईने, चांगल्या बोरूने, कसलेल्या लेखकाने लिहावी आणि उत्तम रेशमात गुंडाळावी. लगेच दुसरीकडे मर्यादाही सांगितली आहे: सौंदर्यासाठी मूळ खर्चाच्या तिसऱ्या हिश्शापर्यंतच जादा खर्च करावा. मला हा हिशोब फार आवडतो. गरिबाला सौंदर्य नाकारलं नाही, आणि श्रीमंताला त्यात वाहून जाऊ दिलं नाही.

आता एक चित्र. 1874मध्ये पुण्यात बेने इस्रायलांसाठी हगादा छापला गेला. पेसाहच्या रात्री इजिप्तमधल्या गुलामीतून सुटकेची कथा घरात वाचतात, तिचं हे पुस्तक. त्याआधी 1846मध्ये मुंबईत शिळाछापावर हिब्रू आणि मराठी शेजारी-शेजारी घेऊन एक हगादा निघाला होता. पुण्याच्या हगाद्यातली चित्रं युरोपातल्या छापील हगाद्यांच्या वळणाची आहेत. पण बेखमीर भाकरी, म्हणजे मात्सा, करण्याच्या चित्रात बायका साड्या नेसलेल्या आहेत आणि जमिनीवर बसून काम करतायत.

त्या चित्रासमोर बसा. कथा इजिप्तची. चित्राची चौकट युरोपची. पीठ मळणाऱ्या हातांच्या बसण्याची ढब मात्र कोकणच्या स्वयंपाकघरातली. चित्रकाराने हे कुठलं धोरण म्हणून केलं असेल असं मला वाटत नाही. पीठ मळायचं म्हटल्यावर त्याच्या डोळ्यांपुढे त्याच्याच घरातली बाई आली, आणि ती ओट्यापाशी उभी राहून मळत नव्हती. आधुनिकता आणि परंपरा यांचा मेळ कसा घालावा यावर व्यासपीठावरून बरंच बोललं जातं. इथे तो मेळ एका कमरेच्या वाकण्यात झाला आहे. हगादा वाचणाऱ्या प्रत्येकाने स्वतःच इजिप्तमधून निघाल्यासारखं त्या रात्री समजावं, अशी परंपरेची अपेक्षा आहे. साडीतल्या त्या बायका ती अपेक्षा शब्दशः पुरी करतात.

चित्रातली एक बाई निवडा. तिच्या हातातलं पीठ फुगायच्या आत भाजून व्हायला हवं. पाणी पिठाला लागल्यापासून अठरा मिनिटं, त्यापुढे खमीर धरलं असं मानतात. तिची घाई खरी आहे. जी घाई इजिप्त सोडून पळणाऱ्यांची होती, ती तिच्या मनगटात आहे.

हे डोळ्यांपुढे असतानाच थोडं दूर जाऊ. जर्मनीत 1930मध्ये लुडविग वोलपर्ट या तरुण कारागिराने पेसाहच्या ताटाचा एक संच आखला. चांदी, काळं एबनी लाकूड आणि काच. मात्सा ठेवायला एकावर एक काचेचे थर आणि वर प्रतीकात्मक अन्नासाठी पेले. द्राक्षवेल नाही, सिंह नाही, मुकुट नाही. बाउहाउस या आधुनिक कलाशाळेच्या विचारांचा संस्कार त्या रेषांवर स्पष्ट आहे. 1933मध्ये तो पॅलेस्टाइनला गेला, जेरुसलेमच्या बेझालेल कलाशाळेत शिकवू लागला, आणि 1956मध्ये न्यूयॉर्कच्या ज्यूइश म्युझियममधल्या कार्यशाळेचं काम त्याच्याकडे आलं. पुढच्या कामांत त्याने हिब्रू अक्षरांनाच वस्तूचा सांगाडा केलं. वचन वस्तूवर कोरण्याऐवजी वचनातूनच वस्तू उभी राहू लागली.

वोलपर्टच्या काचेच्या थरांतून मात्सा दिसतो. तो झाकून, रेशमाखाली ठेवायची पद्धत जुनी, आणि त्यातही अर्थ आहे. त्याने थर पारदर्शक केले. गरिबीची भाकरी आता चांदीच्या कडेच्या आत उघडी बसली. हे मला पटतं. नक्षी गेल्यावर नजरेला थांबायला दुसरं काही उरत नाही, ती भाकरीवरच थांबते. नक्षी काढण्याला असा उद्देश असेल तर ती काढावी. काही आधुनिक वस्तूंत मात्र नक्षी निघून जाते आणि तिच्या जागी आरेखकाची हुशारी येऊन बसते. अशा वस्तूपुढे माणूस मात्सा विसरून वस्तूचं कौतुक करत राहतो. त्यापेक्षा जुने वेलबुट्टीचे सिंह बरे.

आता दाराकडे वळा. ओट्यावर बसल्या बसल्या तुमच्या मागे दाराची चौकट आहे. ज्यू घरात आत जाताना उजव्या हाताच्या चौकटीवर, वरच्या भागात, मेझुझा लावलेला असतो. छोटी नळी किंवा डबी, आत चामड्याच्या कागदाची सुरळी, त्यावर अनुवाद या ग्रंथातले दोन उतारे. सुरळी हाताने लिहिलेलीच हवी, छापलेली चालत नाही. एक अक्षर मोडलं तरी ती बाद. डबी मात्र काहीही असू शकते. चांदी, लाकूड, काच, सिमेंट, ॲल्युमिनियम. आजच्या आरेखकांनी सगळ्यात जास्त स्वातंत्र्य घेतलं आहे ते या डबीवर, आणि धर्मशास्त्राने त्यांना अडवलेलं नाही, कारण खरी वस्तू आत आहे आणि ती कुणाला दिसत नाही. आत-बाहेर करताना मुंबईच्या बेने इस्रायल घरांत बोटं मेझुझाला लावून ओठांना लावतात.

हात उचला. चौकटीच्या वरच्या भागापर्यंत न्या. खरा हात नको, मनातला पुरे. घरी येताना, दमलेले असताना, पिशव्या दोन्ही हातांत असताना हा हात कसा वर जाईल, ते पाहा. डबी बनवणाऱ्याने या हाताचा विचार केला आहे का, एवढं मी प्रत्येक नव्या डबीला विचारतो.

चौकटीची आणखी एक जुनी खूण आहे. पेसाहच्या सणात बेने इस्रायल घरांत बोकडाच्या रक्तात हात बुडवून कागदावर ठसा उमटवत आणि तो दारावर लावत, अशी नोंद आहे. इजिप्तमध्ये दाराला लावलेल्या रक्ताची ती आठवण. आपल्याकडे नव्या घराच्या दारावर हळदीकुंकवाचे हाताचे ठसे उमटवतात, ते पाहिलेल्या कुणालाही हा कागद ओळखीचा वाटेल. आज ज्यू कलेत हाताचा पंजा हे फार लोकप्रिय चिन्ह आहे, चांदीत, मिन्यात, साखळीत ओवलेलं. त्या सुबक पंजापेक्षा तो ओबडधोबड कागद मला जास्त बोलका वाटतो, कारण त्यात कुणाचा तरी खरा हात आहे, त्याच्या बोटांच्या फटींसकट.

पालघर जिल्ह्यात राहणाऱ्याला इथे वारली लग्नचौक आठवल्याशिवाय राहणार नाही. लग्नघराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने, बांबूच्या काडीने सवाशिणी चौक लिहितात; मध्ये पालघट देवी, भोवती नक्षीचे पट्टे. लग्न लावणारी धवलेरी गाते, आणि चौकाशिवाय लग्न लागत नाही. डहाणूजवळच्या गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी ही चित्रभाषा कागदावर आणि कापडावर आणली, ती जगभर गेली, 2011मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांनी जे केलं ते थोर काम होतं. त्या रेषेला त्यांनी नवं कथन दिलं. पण तोच चौक कपावर, पडद्यावर, टी-शर्टवर छापून येतो तेव्हा काय घडतं ते शांतपणे बघा. चित्र तंतोतंत तसंच आहे. एक रेघ बदललेली नाही. लिहिणाऱ्या सवाशिणी, गाणं, ओल्या पिठाचा वास, लग्न लागण्याची वाट पाहणारी माणसं, हे सगळं बाहेर राहिलं.

मेझुझाच्या बाबतीत नेमकं उलट झालं आहे. डबी ओळखू येणार नाही इतकी बदलली आणि आतलं, भोवतालचं सगळं जागेवर राहिलं. दोन्ही चित्रं शेजारी ठेवा आणि घाईने निकाल देऊ नका. मला तरी यातून इतकं दिसतं की जुनं चिन्ह नव्या आकाराने मरत नाही. ते मरतं कृती सुटल्यावर, आणि तेव्हा ते बाहेरून अगदी ताजं, सुबक, विकण्याजोगं दिसू शकतं.

मुंबईत 1960मध्ये जन्मलेल्या आणि आता अमेरिकेत राहणाऱ्या चित्रकार सिओना बेंजामिन बेने इस्रायल कुटुंबातल्या. त्यांच्या चित्रांत निळ्या कांतीच्या स्त्रिया असतात, कधी देवीसारख्या अनेक हातांच्या, आणि ते हात दिव्याच्या शाखा होतात. निळा रंग आकाशाचा आणि समुद्राचा, सगळीकडचा आणि कुठल्याच एका जागेचा नसलेला, असं त्या त्याबद्दल सांगत आल्या आहेत. मानवाकृतीबद्दल ज्यू परंपरेत जपून वागण्याची सवय आहे, त्यामुळे काहींना ही चित्रं खटकतील. मला ती पुण्याच्या हगाद्यातल्या साडीवाल्या बायकांच्या नात्यातली वाटतात. पण ती भिंतीवरची चित्रं आहेत. त्यांच्यात तेल घालायचं नाही, त्यांना शिवायचं नाही. त्यांचं काम वेगळं, आणि त्यांनी ते मलिद्याच्या ताटाचं काम करावं अशी अपेक्षा आपण ठेवू नये.

1948नंतर बहुतेक बेने इस्रायल इस्रायलला गेले. मागे राहिलेल्यांची सिनेगॉगं चालू आहेत: मांडवीचं 1796चं शार हारहमीम, ठाण्याचं 1879चं शार हशामायिम, अलिबाग, पेण, रेवदंडा. महाराष्ट्र शासनाने 2016मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. दिव्यांच्या पाट्या काही संग्रहालयांत गेल्या, तिथे त्या काचेमागे आहेत आणि पेले कोरडे आहेत. मलिद्याचं ताट संग्रहालयात ठेवता येत नाही. ते आशीर्वाद संपले की वाटून खायचं असतं, आणि इस्रायलमधल्या मराठी बोलणाऱ्या घरांत आजही ते मांडतात, पोहे भारतातून मागवून असोत की तिथल्या दुकानातून.

शेवटी तुमच्याच घरातली एक वस्तू घ्या. समई, निरांजन, मेणबत्तीचा स्टँड, लोबानाची ऊददाणी, जे असेल ते. तिच्यातलं काय बदललं तरी चालेल याची मनात नोंद करा: धातू, उंची, नक्षी, कदाचित आकारही. मग काय बदललं तर चालणार नाही ते शोधा. हा दुसरा भाग जड जाईल, त्याला वेळ द्या. विजेवर चालणाऱ्या समईचं उदाहरण घ्या. ज्योत हलते, उजेड पिवळा आहे, वारा आला तरी विझत नाही. फक्त संध्याकाळी तिच्यात तेल घालायचं, वात पुढे सारायचं काम कुणाला उरत नाही. तुमच्या घरात ते काम कोण करत होतं, आणि आता त्या वेळेला ते माणूस काय करतं?